रिकाम्या रकान्याचा ठराव

गारखेड्याच्या पार मागं, जिथं नळाची लाइन अजून पोचली नव्हती पण प्लॉट विकणारे केव्हाच पोचून पुढं गेले होते, तिथं मल्हार कॉलनी होती. अठ्ठावीस घरं, तीन गल्ल्या. निम्मी माणसं मेंढरं विकून आलेली, निम्मी शेत भावाकडं टाकून आलेली, आणि सगळ्यांची पोटं वाळूजच्या कंपन्यांवर. पंधरा साली पाऊस रुसला, बोअर एकेक करून कोरडे पडले, तेव्हा दर चौथ्या दिवशी बारा हजार लिटरचा एक टँकर यायला लागला. घरटी दोन ड्रम. त्यावरून पहिल्याच महिन्यात दोन डोकी फुटली आणि एक ठरलेली सोयरीक मोडली.

ते भांडण मिटवलं म्हाळसाबाईनं. ती सूर्यभानची बायको. सूर्यभान वाळूजच्या एका कंपनीत तीस वर्षं हत्यारांचं स्टोअर सांभाळून रिटायर झालेला. घरातलं स्टोअर मात्र तिच्या ताब्यात. ती ओट्यावर वही घेऊन बसायची आणि नंबर लावायची. लोक वहीची पानं फाडायला लागले, तेव्हा म्हाळसाबाईची लेक ज्ञानेश्वरी पुण्याहून सुट्टीला आली. ती तिथं कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. तिनं आईला मोबाईलवर उघडणारी एक वेबसाइट करून दिली. सकाळी सहा ते सात लोकांनी तिच्यावर नंबर लावायचा, टँकर वळणावर आला की म्हाळसाबाईनं एक बटण दाबायचं, की अठ्ठावीस घरांत मेसेज.

"आई, हे एक कपाट समज," ज्ञानेश्वरीनं तेव्हा सांगितलं होतं. "याला डेटाबेस म्हणतात. एका वहीत घरं, एका वहीत रोजचे नंबर. आणि ही तिसरी वही लई बारीक हाय. हिच्यात पाचच ओळी. घरटी ड्रम किती, नंबर लावायची वेळ कोणती, आज पहिली गल्ली कोणती, फोन कुणाचा आणि मेसेजात काय लिहायचं. ही सेटिंगं कुण्या एका घराची नायत. अख्ख्या अ‍ॅपची हायत. इथं एक आकडा बदलला की अठ्ठावीस घरांत बदलला."

"मग ते आत प्रोग्रॅममधीच का नाय लिहून टाकत?" सूर्यभाननं विचारलं. स्टोअरकीपर माणूस. कोणती वस्तू कुठं ठेवली आणि का ठेवली, हे कळल्याशिवाय त्याला चैन पडायची नाही.

"मग दरवेळी आकडा बदलायला मला पुण्याहून हात घालावा लागंल. कपाटात असलं की आईच बदलील."

म्हाळसाबाईला एका दमात कळलं. "म्हंजे मीठ," ती म्हणाली. "पातेल्यात एकदाच टाकायचं. पंगतीला बसलेल्या समद्यांना तेच. एकाच्याच ताटात खारट, असं व्हत नाय."

तेव्हापासून त्या घरात सेटिंगच्या पानाला मिठाचा डबा म्हणायला लागले. डब्याचा पासवर्ड म्हाळसाबाईच्या माहेरच्या शेळीचं नाव होतं.

मेसेजचा मजकूर तिनं स्वतः सांगितला. पहिल्या मजकुरात तिनं नवऱ्यावरही दोन-तीन वाक्यं घातली होती. ती वाचून कॉलनी दोन दिवस हसली आणि सूर्यभान दोन दिवस न बोलता बसला. तिसऱ्या दिवशी तिनं मिठाचा डबा उघडून दुसरा मजकूर टाकला, आणि तो कायम राहिला:

"टँकर आला बरं का. ड्रम धुऊन ठेवा. सरूबाईचा ड्रम आधी, तिची कंबर गेली आहे. भांडण तहान भागल्यावर. — म्हाळसाबाई."

सरूबाई तिसऱ्या गल्लीच्या टोकाला एकटी राहायची. तिचं नाव त्या मेसेजात होतं, म्हणून जो कुणी आधी पोचेल तो तिचा ड्रम उचलून रांगेच्या पुढं आणायचा. कुणी कुणाला सांगायचं नाही. मेसेज आला की दोन पोरं तिच्या दाराकडं पळायची, एवढं ते अंगवळणी पडलं होतं.

कार्तिकात म्हाळसाबाई गेली. ताप आला तेव्हा ती म्हणाली, उन्हाचा असेल. कार्तिकात कसलं ऊन. चौथ्या दिवशी सगळं संपलं.

टँकर मात्र यायचा थांबला नाही. सोळा सालचा उन्हाळा तर आदल्यापेक्षा वाईट निघाला. आता बटण सूर्यभान दाबायचा. अठ्ठावीस घरांत त्याचंही घर होतं, त्यामुळं बटण दाबलं की त्याच्याच खिशातला मोबाईल थरथरायचा. मग तो चष्मा लावायचा आणि मेसेज शेवटपर्यंत वाचायचा, खालच्या नावासकट. मग पाईप धरायला जायचा. याबद्दल तो कुणाशी बोलला नाही आणि कुणी विचारलंही नाही.

विचारलं ते बद्रीनाथनं. उस्मानपुऱ्यात त्याचं सिमेंट आणि गजाचं दुकान होतं आणि होळीला तो कॉलनीचा अध्यक्ष झाला होता. वाळूजला कामाला आलेल्या पोरांना भाड्यानं खोल्या द्यायच्या म्हणून त्यानं घरावर दुसरा मजला चढवायला काढला होता. स्लॅब पडला होता. स्लॅबला पाणी लागतं, आणि पाणी घरटी दोन ड्रम.

"सूर्यभानराव, एक बोलू का? राग मानू नका," बद्रीनाथ ओट्यावर टेकत म्हणाला.

"राग मानायचा असला तर आधीच सांगा, चहा टाकत नाय."

"चहा टाका. त्या मेसेजचं म्हणत होतो. वहिनी गेल्याला सहा महिने झाले. नवे भाडेकरू इचारतात, ही म्हाळसाबाई कोण? एकानं तर त्या नंबरवर फोन लावला."

"मीच उचलला. त्याला ड्रम धुवायला सांगितलं."

"चेष्टा सोडा. आता कमिटी हाय, अध्यक्ष हाय. मेसेज अध्यक्षाच्या नावानं जायला पाहिजे. पासवर्ड द्या."

सूर्यभाननं चहाचं भांडं उतरवलं. नाही म्हणायला त्याच्याकडं कारण नव्हतं. खरं कारण होतं ते बद्रीनाथला सांगण्यासारखं नव्हतं.

"देतो," तो म्हणाला. "पण ध्यानात ठेवा अध्यक्ष, ती सेटिंगं अख्ख्या कॉलनीची हायत. तिथं जे कराल ते..."

"मला नका शिकवू हो. माझ्याकडं तीन मोबाईल हायत. मी माझ्या मोबाईलवर, माझ्या नावानं आत जाणार. माझ्या मोबाईलची रिंगटोन बदलली तर शेजाऱ्याची बदलती का?"

सूर्यभाननं चहाचा कप त्याच्यापुढं सरकवला.

"नाय बदलत," तो म्हणाला, आणि शेळीचं नाव सांगितलं.

बद्रीनाथ ते दोनदा म्हणून बघत, पाठ करत घरी गेला.

टँकरच्या दिवशी सकाळी सहाला सूर्यभाननं नंबर लावायला पान उघडलं, तर वर लिहिलेलं: आज घरटी आठ ड्रम. त्यानं चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आठ. बद्रीनाथनं आपल्या एकट्याच्या ताटात मीठ वाढवायला म्हणून डब्यात हात घातला होता आणि मूठ पडली होती पातेल्यात.

पासवर्ड सूर्यभानला माहीत होता. आठाचे दोन करायला त्याला अर्धं मिनिट लागलं असतं. त्यानं मोबाईल उशाखाली ठेवला आणि दाढी करायला बसला.

सात वाजेपर्यंत कॉलनीला बातमी लागली. मग जे सुरू झालं ते लग्नघराला शोभण्यासारखं होतं. अध्यक्षानं सरकारात कुठंतरी वजन वापरलं, मोठा टँकर येतोय, दोन येतायत, असं लोक एकमेकांना सांगायला लागले. वाळूजला जाणारे दोघे शिफ्ट बुडवून भंगारवाल्याकडून निळे ड्रम घेऊन आले. टिपं, घंगाळं, पिंप, कूलरच्या टाक्या, एका घरातून तर जुना पाळणा आला, आत प्लास्टिक अंथरलेला. बद्रीनाथच्या बायकोनं, मुक्ताबाईनं, माळ्यावरची लग्नातली तीन पातेली काढली. नवऱ्यानं तिला फक्त एवढंच सांगितलं होतं, आज आपल्याला जास्त मिळणार हाय, कुणाजवळ बोलू नको. ती कुणाजवळ बोलली नाही. बाहेर येऊन बघते तर सगळ्यांचीच पातेली बाहेर.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही कुणाला सांगितलं?"

बद्रीनाथ गल्लीकडं बघत उभा होता. त्याच्या तोंडातली तंबाखू तशीच राहिली.

दहाला ड्रायव्हर कडुबानं टँकर वळणावर आणला आणि ब्रेकच दाबला. त्याला वाटलं भांड्यांचा बाजार भरलाय. सूर्यभाननं बटण दाबलं. अठ्ठावीस मोबाईल वाजले:

"सन्माननीय रहिवासी, अध्यक्ष श्री. बद्रीनाथ यांच्या अथक प्रयत्नांतून आणि सौजन्याने पाणी येत आहे. शिस्त पाळावी. आज घरटी आठ ड्रम."

शेवटची ओळ प्रोग्रॅम स्वतःच जोडायचा, सेटिंगमधला आकडा उचलून. ते बद्रीनाथला माहीत नव्हतं. आता आठ ड्रम आणि अध्यक्षाचं नाव एकाच मेसेजात, प्रत्येकाच्या हातात होतं.

त्या दिवशी दुसरी गल्ली पहिली होती. सात घरांना आठ-आठ ड्रम मिळाले. आठव्या घराचा चौथा ड्रम भरत असताना पाईपनं दोन उचक्या दिल्या आणि तो गप्प झाला. बद्रीनाथचा नंबर चौदावा होता.

"कडुबा, दुसरा टँकर कुठंय?" कुणीतरी ओरडलं.

"कसला दुसरा? मला एकच देतेत. मी काय दोन चालवू, एक पायानं एक हातानं?"

मग सगळे अध्यक्षाच्या दाराशी. प्रत्येकाच्या हातात मोबाईल, प्रत्येकाच्या मोबाईलात सौजन्य. "मी फक्त माझंच बदललं होतं!" असं बद्रीनाथ एकदा ओरडून गेला, आणि आपल्याच तोंडानं सापडला. मुक्ताबाईनं लग्नातलं सगळ्यात मोठं पातेलं त्याच्यापुढं आदळलं. "घ्या. याच्यात बसा."

सूर्यभान लिंबाखाली उभा राहून मिशीत हसत होता. सहा महिन्यांत त्याला एवढं बरं वाटलं नव्हतं. घरी जाऊन हे सांगायचं, असं त्याच्या मनात आलं, आणि तेवढ्यात ते मोडलं.

तो वळला तर तिसऱ्या गल्लीच्या टोकाला सरूबाई दारात बसलेली दिसली. दोन रिकामे ड्रम, धुऊन उन्हात उपडे केलेले. मेसेजात तिचं नाव नव्हतं म्हणून कुणी पळालं नव्हतं. ती सकाळपासून वाट बघत होती.

"दाजी, आज माझा ड्रम कुणी नेलाच नाय," ती म्हणाली. म्हाळसाबाईला ती बहीण मानायची, म्हणून सूर्यभान दाजी. "वहिवाट मोडली का?"

सूर्यभानचं हसू गेलं. म्हाळसाबाई असती तर तिनं त्याला ओट्यावर उभं करून विचारलं असतं, सकाळी सहाला दिसलं होतं ना? मग दाढी कशाची करीत बसला होता? त्याच्याकडं मागच्या टँकरचा एक ड्रम शिल्लक होता. तो त्यानं बादली-बादलीनं तिच्या दारात नेला. अकरा खेपा झाल्या. त्यात गुडघ्यांचं निम्मं वंगण गेलं.

रविवारी दुपारी कमिटी बसली. घरटी ड्रम पुन्हा दोन, यावर भांडण नव्हतं. भांडण होतं मजकुरावर. सगळे म्हणाले, अध्यक्षाचं सौजन्य काढा, म्हाळसाबाईचं होतं तेच टाका. सूर्यभाननं खिशातला मोबाईल हातात घेतलासुद्धा. जुने मेसेज त्यानं एकही पुसला नव्हता.

बद्रीनाथ उठला. दोन दिवस लोकांनी त्याला सौजन्यशेठ म्हणून हाक मारली होती आणि तो पिकलेल्या गळवासारखा झाला होता.

"माझं काढा. हरकत नाय," तो म्हणाला. "पण मग बाईचंबी नको. गेलेल्या माणसाला किती दिस कामाला लावणार? तिचा जीव मोकळा व्हायचा का नाय? ना माझं, ना तिचं. रकाना रिकामा ठेवा. नुसता ड्रमचा आकडा गेला तरी लोकांना कळतंय टँकर आलाय."

बद्रीनाथ दोन ड्रमसाठी काहीही बोलणारा माणूस होता, पण हे बोलणं खोडायला जागा नव्हती. लोक सूर्यभानकडं बघायला लागले.

गेलेल्या माणसाला कामाला लावतोय. हे त्याला आधी कधी सुचलंच नव्हतं. त्याला वाटत होतं की कामाला लागलेला तोच आहे, ती नुसती ओट्यावरून ओरडतेय.

"ठराव लिहा," तो म्हणाला.

ठराव लिहिला. मेसेजच्या मजकुराचा रकाना यापुढे कायम रिकामा ठेवण्यात यावा, कोणीही त्यात कोणाचेही नाव घालू नये. सूचक बद्रीनाथ. सगळ्यांच्या सह्या झाल्या. मग सगळ्यांच्या देखत सूर्यभाननं मिठाचा डबा उघडला, आठाचे दोन केले आणि बद्रीनाथचं सौजन्य एकेक अक्षर मागं घेत पुसलं. पांढरा रकाना राहिला. त्यानं तो सगळ्यांना फिरवून दाखवला, जप्तीतला माल दाखवावा तसा, आणि साठवलं.

त्या संध्याकाळच्या वरणात मीठ पडलं नव्हतं. त्याला शेवटच्या घासाला कळलं.

पुढचा टँकर आला तेव्हा त्यानं सवयीनं बटण दाबलं आणि सवयीनंच चष्मा लावला. मग चष्मा काढून खिशात ठेवला. नुसता आकडा वाचायला चष्मा कशाला. त्यानं पाईप खांद्यावर घेतला.

दुसऱ्या गल्लीतून कुणीतरी हसलं. मग पहिल्या गल्लीतून. मग एक पोरगं "मालक! ओ मालक!" ओरडत तिसऱ्या गल्लीकडं, सरूबाईच्या ड्रमाकडं पळालं आणि त्याच्यामागं दुसरं. सूर्यभानला काही कळेना. मुक्ताबाई पदर तोंडाला लावून हसत होती.

"काय झालं?"

"वाचा की तुम्हीच. नाय, थांबा, मीच वाचते," मुक्ताबाई म्हणाली, आणि तिनं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं वाचलं:

"टँकर आला बरं का. ड्रम धुऊन ठेवा. सरूबाईचा ड्रम आधी, तिची कंबर गेली आहे. पाईप आमचे मालक धरतील. त्यांच्याशी कितीबी भांडा, उपयोग नाही, ऐकू येत नाही असं सोंग करतात. जेवायला हाक मारली की बरोबर ऐकू येतं. — म्हाळसाबाई. आज घरटी दोन ड्रम."

सूर्यभाननं पाईप खाली ठेवला. चष्मा लावला. स्वतः वाचलं. ज्या वाक्यांसाठी तो वर्षापूर्वी दोन दिवस रुसला होता, ती सगळी वाक्यं. मग टँकरच्या आडोशाला जाऊन त्यानं पुण्याला फोन लावला.

"ज्ञाना, हे काय हाय? रकाना तर रिकामा हाय."

"रिकामा हाय म्हणूनच, बाबा," ती म्हणाली. "प्रोग्रॅम आधी डब्यात बघतो. डब्यात काय नसलं तर मूळचं घेतो. मूळचं मी पहिल्या दिवशीच आत लिहून ठेवलं होतं, आई सांगत गेली तसं. तुम्ही रुसलात तवा आईनं फक्त डब्यातलं बदललं. आतलं काढायचं माझ्या ध्यानातच राहिलं नाय." तिनं विचारलं, "काढू का आता? दोन मिनिटाचं काम हाय."

सूर्यभाननं गल्लीकडं बघितलं. सरूबाईचा ड्रम दोन पोरांच्या मधून गडगडत रांगेच्या पुढं येत होता.

"तिकडं काम नाय का तुला?" तो म्हणाला. "ठेव फोन."

बद्रीनाथ लेंगा सावरत, ठरावाची वही घेऊन आला. "सूर्यभानराव! ठराव झालाय! सह्या झाल्यात!"

"ठरावाप्रमाणंच हाय की," सूर्यभाननं मोबाईल काढला, मिठाचा डबा उघडला आणि पांढरा रकाना त्याच्या नाकापुढं धरला. "बघा. रिकामा. कुणाचं नाव घातलंय का? तुमचाच ठराव, तुम्हीच सूचक. आता ह्याच्यात एक अक्षर जरी टाकलं तर ठराव मोडंल."

बद्रीनाथनं रकाना बघितला. मोबाईल उलटा करून मागून बघितला. "मग हे आलं कुठनं?"

"मूळचं हाय."

"मूळचं म्हंजे? ओ, मूळचं म्हंजे काय? काढा ते! सूर्यभानराव! मी काय म्हणतोय?"

सूर्यभाननं पाईप उचलला आणि सरूबाईच्या ड्रमात सोडला. पाणी धबाधबा पडायला लागलं. बद्रीनाथ एका कानाशी ओरडला, मग दुसऱ्या बाजूला जाऊन दुसऱ्या कानाशी ओरडला. सूर्यभान ड्रमातल्या पाण्याकडं बघत राहिला. कडुबा टँकरवर बसून पोट धरून हसत होता.

सरूबाई काठी टेकत आली. ती पाण्याच्या आवाजात, अगदी हळू, जणू स्वतःशीच म्हणाली, "दाजी, पिठलं-भाकर केलीय. येता का जेवायला?"

"येतो की," सूर्यभान म्हणाला.

सगळी गल्ली हसली. त्याला वाटलं, अजून एकजण हसतंय. पाईप तसाच धरून तो दुसरा ड्रम कुठं आहे ते बघायला लागला.